संगणकाचे मौनव्रत

माणसाला यंत्र हवे असते, यंत्राचा आवाज नको असतो. आणि म्हणूनच ज्या मनुष्याच्या कानांत पहाटे सोसायटीचा पाण्याचा पंप, सातला मिक्सर, आठला शेजारच्या चिरंजीवांची तबल्याची शिकवणी आणि रात्री साडेदहाला वरच्या मजल्यावरील खुर्च्या सरकविण्याचा नित्यविधी विनातक्रार उतरतो, तोच मनुष्य टेबलाखालच्या संगणकातील तळहाताएवढ्या पंख्याने किंचित सूर लावला की, 'या गोंगाटात काम करणे अशक्य आहे', असा निर्वाणीचा खलिता घरच्या मंडळींस धाडतो. अशा मनुष्यांत माझी गणना होते, हे प्रारंभीच नमूद करून ठेवतो, म्हणजे पुढील हकीकतीत वाचकांस माझ्याविषयी काही अपेक्षा राहणार नाही.

आमच्या घराण्यात कुलकर्णी वतनाच्या कागदांचे काही रुमाल पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावरून ट्रंकेत आणि ट्रंकेतून माळ्यावर असा प्रवास करीत आले आहेत. त्यांतील मोडी कागद स्कॅन करून, क्रमवार लावून, एकदाचे वाचून काढावेत, असा संकल्प मी सेवानिवृत्तीच्या दिवशीच सोडला होता. कागद स्कॅन झाले, आणि मग गणित उभे राहिले. ए-फोर आकाराचा एक कागद ६०० डीपीआयवर रंगीत उतरविला, तर त्याची न दाबलेली प्रतिमा सुमारे १०० मेगाबाइटची होते. आणि आमच्या पूर्वजांनी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चाललेल्या एकाच तंट्यावर इतका कागद खर्ची घातला आहे की, तो तंटा पडद्यावर मांडता मांडता जुन्या संगणकाचे प्राण कंठाशी येत. तो प्रथम स्तब्ध होई, मग दीर्घ श्वास घेई, आणि मग त्याचा पंखा एकेक पट्टी चढवीत अशा उंचीला जाई की, स्वयंपाकघरातून पृच्छा होई, "अहो, तुम्ही गिरणी लावलीत का?"

हिंजवडीला नोकरी करणारा आमचा भाचा एका रविवारी हे ऐकून म्हणाला, "मामा, तुला वर्कस्टेशन लागेल. तयार घेऊ नकोस, आपण असेंबल करू. छोटं आणि शांत."

'छोटे' आणि 'शांत' ही दोन विशेषणे त्याने एका दमात उच्चारली. ती परस्परांची हाडवैरी आहेत, हे उमगायला मला सबंध पावसाळा लागला. या वैराचे मूळ असे की, प्रोसेसर जी वीज घेतो तिची उष्णता होते, ती घालवायला वारा लागतो, आणि मोठा पंखा रमतगमत फिरून जेवढा वारा देतो तेवढाच द्यायचा तर लहान पंख्याला जिवाच्या आकांताने फिरावे लागते. वेग निम्मा केला की पंख्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तेव्हा शांतता हवी तर १२० किंवा १४० मिलिमीटरचा, आळशी स्वभावाचा पंखा हवा. तो मावायला मोठे कॅबिनेट हवे, कॅबिनेट ठेवायला मोठे टेबल हवे, टेबल मावायला मोठी खोली हवी. आणि कोथरुडात मोठी खोली घेण्यापेक्षा कानांत कापूस घालणे शेकडो पटींनी किफायतशीर आहे. हा शेवटचा मुद्दा सौभाग्यवतींनी मांडला व तो ताबडतोब नामंजूर करण्यात आला.

डेसिबल हे प्रकरण तर स्वतंत्र दप्तर उघडण्याच्या लायकीचे आहे. टेलिफोनकर्त्या ग्रॅहम बेलच्या नावावरून हे माप पडले, आणि त्याची बेरीज-वजाबाकी जगातल्या कोणत्याही मुनिमाला पटणारी नाही. ३० डेसिबलचा एक पंखा आणि ३० डेसिबलचा दुसरा पंखा एकत्र लावले, तर आवाज साठ होत नाही, ३३ होतो. असे दहा पंखे लावले तर ४०. हा जमाखर्च आमच्या पूर्वजांस अवगत असता, तर वसुलीची तूट त्यांनी सरकारदरबारी किती सहज पटवून दिली असती, या विचाराने मी काही काळ हळहळलो. भाच्याने भ्रमणध्वनीत आवाज मोजण्याची सोय करून आणली व माझ्या खोलीत, जुना संगणक बंद असताना, मोजमाप घेतले.

"मामा, संगणक बंद आहे, तरी चाळीस दाखवतंय."

"असं कसं?"

"छताचा पंखा. नवा संगणक तिसाचा जरी केला, तरी या चाळिसात मिळवल्यावर होतील चाळीस पूर्णांक चार दशांश. तुला फरकसुद्धा कळणार नाही. पंखा बंद करून बसणार आहेस का?"

"ऑक्टोबरात?"

"मग हा खटाटोप कशासाठी?"

"छताच्या पंख्याचा आवाज वेगळा. तो घरचा आहे."

निवासी विभागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा सरकारने २००० सालच्या नियमांत घालून दिलेली आहे, हेही त्याने मला ऐकविले. परंतु जो नियम गणेशोत्सवात आपला आब राखू शकत नाही, त्याचा आधार घेऊन माझ्या टेबलाखालच्या पंख्याने निर्दोष सुटावे, हे मला न्यायाचे वाटले नाही.

मोहीम सुरू झाली. प्रथम मदरबोर्ड. मिनी-आयटीएक्स या नावाचा, व्हिया कंपनीने २००१ साली पुढे आणलेला एक नमुना आहे; लांबी १७ सेंटिमीटर, रुंदी १७ सेंटिमीटर, आणि या चौकोनात प्रोसेसरची गादी, रॅमच्या दोनच खाचा, कार्डासाठी एकच जागा. दोनच खाचा म्हणजे पुढे मागे कुटुंबविस्तार करण्याची सोय नाही; जी काय रॅम घ्यायची ती पहिल्याच दिवशी, दोन पट्ट्यांत ६४ गिगाबाइट. त्यानंतर कॅबिनेट. लहान कॅबिनेटचे आकारमान लिटरमध्ये सांगण्याचा शिरस्ता आहे, हे मला ठाऊक नव्हते. भाच्याशी दूरध्वनीवर, "सात लिटरचा फार लहान पडेल, अकरा लिटरचा बघू," अशी चर्चा चालली असता आतून आवाज आला, "सात लिटरचा आहे आपल्याकडे. त्याची फक्त शिटी बदलायची आहे." कुकर आणि संगणक यांच्यामध्ये उष्णता, कोंडलेली वाफ आणि ऐन वेळी होणारा गोंगाट एवढी साम्यस्थळे आहेत की, त्या गैरसमजाचे निराकरण करण्याच्या भरीस मी पडलो नाही.

खरा तंटा पेटला तो कूलरच्या उंचीवरून. अकरा लिटरच्या कॅबिनेटात प्रोसेसरच्या डोक्यावर किती मिलिमीटर मोकळे आकाश उरते, त्यात बसणारा कूलर शेजारच्या रॅमवर अतिक्रमण करतो की काय, आणि रॅमची साधी पट्टी ३१ मिलिमीटर उंच असताना हल्ली तिच्यावर जे धातूचे मुकुट चढवितात त्यांमुळे ती चाळिशी ओलांडून कूलरच्या हद्दीत डोके खुपसते की काय, याचा कागदोपत्री निवाडा करता करता मला आमच्या रुमालातील बांधाच्या भांडणांचे मर्म प्रथमच उमगले. फरक एवढाच की, तेथे वीतभर जमिनीसाठी तीन पिढ्या भांडल्या आणि येथे चार मिलिमीटरसाठी मी एकटाच. मी चौकटी आखून एक फेरिस्त तयार केली: वस्तू, उंची, आवाज, हरकत, हरकतीचे निरसन. प्रत्येक निरसनातून दोन नव्या हरकती जन्मास येत. कूलर बदलला की कॅबिनेट बदले, कॅबिनेट बदलले की वीज पुरविणारा एसएमपीएस बदले, आणि एसएमपीएस बदलला की त्याची केबल नेमकी कूलरच्या पात्यांत शिरण्याचा संभव उत्पन्न होई. या सर्व काळात मोडी कागद मात्र अत्यंत सुरक्षित होते. त्यांना कोणाचाही, विशेषतः माझा, उपद्रव नव्हता.

"६५ वॅटचा प्रोसेसर घे, म्हणजे प्रश्नच मिटला," असे भाचा म्हणाला. हे ६५ वॅट म्हणजे वधूपक्षाला सांगितलेले वय असते, हे त्याने मागाहून उघड केले. प्रोसेसरला जोर चढला की काही थोड्या क्षणांसाठी तो त्याच्या दुपटीहूनही अधिक वीज ओढतो. त्यावर बायॉसमध्ये जाऊन मर्यादा घालता येते. मर्यादा घातल्यावर तो सावकाश काम करतो. मी म्हटले, मी स्वतः तीस वर्षे सरकारी नोकरीत तसेच केले, कोणाचे काही अडले नाही.

पंख्याची कटकटच नको, असा विचार मोठमोठ्यांच्या मनात येऊन गेलेला आहे, हे वाचून मला धीर आला होता. स्टीव्ह जॉब्सला पंख्याचे वावडे होते. १९८० साली निघालेल्या 'ॲपल थ्री'मध्ये पंखा नव्हता. ते यंत्र तापे, आतल्या चिप आपल्या जागेवरून हलत, आणि त्यावर उपाय म्हणून यंत्र टेबलापासून दोन-तीन इंच उचलून खाली आपटावे, असा सल्ला गिऱ्हाइकांस देण्यात येई, असे सांगतात. रेडिओला थापट मारून आकाशवाणी ऐकलेल्या आमच्या पिढीला यात गैर काही वाटणार नाही. पण कोट्यवधींच्या कंपनीकडून तोच उपाय अधिकृतपणे यावा, याचे सानंद आश्चर्य वाटले. पुढे २००० साली त्याच कंपनीने बिनपंख्याचा 'जी फोर क्यूब' काढला; तो दिसायला इतका देखणा की वस्तुसंग्रहालयांनी ठेवून घेतला, आणि वर्षभरात त्याचे उत्पादन तहकूब झाले. हा इतिहास मी सौभाग्यवतींना सांगितला. त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे कारखाना होता. तुमच्याकडे काय आहे?"

म्हणून पंखे आले. शांत पंख्यांच्या दुनियेत ऑस्ट्रियातील नॉक्टुआ या कंपनीचे नाव आदराने घेतात, आणि त्या पंख्यांची ओळख अशी की, त्यांची पाती चॉकलेटी आणि चौकट बदामी. हा रंगमेळ मी पूर्वी कोठेतरी पाहिला आहे, असे सारखे वाटत होते. विचारांती आठवले की, मामलेदार कचेरीच्या भिंतींना कमरेपर्यंत चॉकलेटी आणि वर बदामी रंग असे, आणि तेथेही वारा मंद व शांतता भरपूर असे. अशा दोन पंख्यांच्या किमतीत छताचा एक उत्तम पंखा येतो. तो हिशेब मी घरात कोणाला दाखविलेला नाही.

एसएमपीएसचे प्रकरण मात्र चव्हाट्यावर आले. घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज कामी लावणाऱ्या एसएमपीएसना २००४ सालापासून '८० प्लस' नावाचे प्रशस्तिपत्र मिळते, आणि त्यातही ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा चढत्या पायऱ्या आहेत. वीज जितकी कमी वाया जाईल तितकी उष्णता कमी आणि पंख्याचे काम कमी. चांगल्या प्रतीच्या काही एसएमपीएसमध्ये तर बोजा हलका असेल तोवर पंखा फिरतच नाही. गॅलरीत उभा राहून मी भाच्याला म्हटले, "सोन्याचाच घेऊ रे. चांदीचा आता नको वाटतो, आणि प्लॅटिनम काही आपल्याला परवडायचं नाही." त्या संध्याकाळी चहाबरोबर न मागता थालीपीठ आले, थालीपिठावर लोणी आले, आणि जुन्या संगणकाच्या आवाजाबद्दल चकार शब्द निघाला नाही. चार दिवसांनी कुरियरने एक काळा लोखंडी ठोकळा आणून दिला.

"हे काय?"

"एसएमपीएस."

"आणि सोनं?"

"तेच हे. म्हणजे, विजेच्या दृष्टीने."

त्यानंतर कित्येक दिवस घरात जी शांतता नांदली, तिच्यापुढे कोणत्याही ऑस्ट्रियन कंपनीने हात टेकले असते.

उरलेल्या वस्तूंसाठी डेक्कन क्वीनने मुंबई गाठली. ग्रँट रोड स्थानकाजवळचा, पालिकेच्या दप्तरी डॉ. भडकमकर मार्ग असलेला आणि यच्चयावत जनतेच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच असलेला तो रस्ता म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांची मुख्य पेठ. एका दुकानाच्या गल्ल्यावरील तरुणाने माझी फेरिस्त हातात घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि अत्यंत सहानुभूतीने विचारले, "गेमिंगसाठी का, काका?"

"नाही."

"मग एडिटिंग? लग्नाचे व्हिडिओ?"

"मोडी कागद."

"मोडीत द्यायचंय का जुनं? घेतो ना आम्ही."

मी विषय बदलला. "कॅबिनेट साधं दाखवा. बिनदिव्यांचं."

"लाइट फ्री आहेत, काका. रंग बदलतात."

"तरी नको."

"बाजूला काच तरी?"

"काच नको. भोकं असलेला पत्रा हवा, हवा खेळायला."

तरुणाने फेरिस्त खाली ठेवली. "आवाज नको, लाइट नको, काच नको. मग चालू आहे की बंद, हे घरातल्यांना कळायचं कसं?"

"काम होईल, त्यावरून कळेल," असे मी जरा करड्या स्वरात सांगितले. त्यावर त्याने माझ्या वयाकडे पाहून जे काही म्हणायचे होते ते गिळले आणि बिलावर १८ टक्के जीएसटी लावला.

जोडणीच्या दिवशी जेवणाच्या टेबलाचा कारखाना झाला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये जो थर्मल पेस्टचा लेप लावतात, तो कसा लावावा याविषयी जाणकारांत संप्रदाय आहेत. वाटाण्याएवढा एक ठिपका मधोमध ठेवावा असे एका पंथाचे मत. दुसरा पंथ उभी रेघ ओढतो, तिसरा फुली मारतो, आणि चौथा पंथ कार्डाच्या कडेने सर्वत्र सारवून काढतो व उरलेल्या तिघांना पाखंडी समजतो. कूलर दाबून बसविला की सर्व पंथांचा लेप जवळजवळ सारखाच पसरतो, ही गोष्ट कोणीही विचारात घेत नाही. भाचा फुलीवाला निघाला. मी वाटाण्याच्या बाजूने तासभर किल्ला लढविला आणि दरम्यान त्याने फुली मारून कूलर बसवून टाकला.

जुन्या हार्ड डिस्कचा प्रश्न उरलाच होता. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि तोच तिचा खर्जातला षड्ज. यंत्रात डिंकाच्या वडीएवढी २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब, कोणताही भाग न हलणारी नवी एनव्हीएमई डिस्क बसविली. परंतु कागदांच्या दुसऱ्या प्रतीसाठी जुन्या डिस्क लागणारच होत्या, म्हणून त्यांना वेगळ्या पेटीत घालून स्वयंपाकघराच्या माळ्यावर हद्दपार करण्यात आले. रोज रात्री दोन वाजता प्रत घ्यावी, अशी तजवीज भाच्याने केली. पहिल्याच रात्री दोन वाजता माळ्यावरून एक गंभीर, अखंड, किंचित थरथरणारा हुंकार येऊ लागला. सौभाग्यवती उठून बसल्या. पेटीशेजारी त्यांच्या माहेरचे तांब्याचे घंगाळ होते, ते डिस्कच्या सुरात सूर मिसळून गात होते. रबराची बुचे झाली, स्पंजचे तुकडे झाले, घंगाळाचे गाणे थांबेना. अखेर सौभाग्यवतींनी जुन्या गोधडीची चौघडी करून पेटीखाली सरकविली आणि दूध तापविण्याच्या कामाला लागल्या. गाणे थांबले. माझ्या फेरिस्तीत 'गोधडी' या वस्तूसाठी रकानाच नव्हता.

यंत्र सुरू झाले. म्हणजे सुरू झाले असावे. पडद्यावर अक्षरे उमटली म्हणून तसे मानायचे. मी कान लावला, श्वास रोखला, छताचा पंखाही क्षणभर बंद केला. काही नाही. मी कृतार्थ मुद्रेने भाच्याकडे पाहिले, तर त्याचा चेहरा उतरलेला.

"मामा, कॉइल व्हाइन."

"म्हणजे?"

"आतल्या तारेची वेटोळी थरथरतात. बारीक किंकाळी येतेय, डासासारखी. तुला ऐकू येत नाही?"

मला येत नव्हती. वय वाढले की कानाला उंच पट्टीतले सूर आधी सोडून जातात, असे त्याने फार हळुवारपणे सांगितले. भाग बदलून घेऊ या, असे तो म्हणत होता. मी म्हटले, जो आवाज मालकाला ऐकू येत नाही तो कायद्याने अस्तित्वातच नाही, आणि ती हरकत तेथेच निकालात काढली.

आता मोडीचे काम खरोखरच सुरू झाले. विहिरीच्या तंट्यातील अकरा कागद एकाच वेळी पडद्यावर मांडले तरी यंत्र निर्विकार. फिर्यादीने पाटाचे पाणी रात्री कसे वळविले, साक्षीदाराने शपथ घ्यायला कसा नकार दिला, हे सगळे उलगडत चालले होते. एके दिवशी दुपारी मी उतारा अर्धवट टाकून, यंत्र तसेच चालू ठेवून, जेवायला उठलो. परत येऊन पाहतो तो पडदा काळा. बटण दाबले, काही नाही. फेरिस्त काढली, एकेक हरकत तपासली, भाच्याला दूरध्वनी केला. त्याने एसएमपीएसपासून बायॉसपर्यंत सात शक्यता सांगितल्या. शेवटी खाली वाकून पाहिले, तर प्लगच्या जागी मिक्सरची वायर आणि टेबलावर खोबऱ्याच्या चटणीचे भांडे.

"अहो, ते बंदच होतं," सौभाग्यवती म्हणाल्या. "स्वयंपाकघरातला प्लग ठिणग्या मारतोय, म्हणून इथे लावला. बंद आहे की नाही ते पाहूनच काढला मी. कान लावून पाहिलं."

मी पुण्यात राहतो. अशा प्रसंगी काय करायचे, हे मला कोणी शिकवावे लागत नाही. जाड पुठ्ठ्यावर, बोरूने, वळणदार बाळबोध लिपीत मी मजकूर लिहिला आणि कॅबिनेटच्या दर्शनी बाजूस डकविला: 'हे यंत्र चालू आहे. आवाज येत नाही म्हणून बंद समजू नये. प्लग काढू नये. विचारूनही काढू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली पेन्सिलीने शेरा पडलेला होता: 'मजकूर वाचला. प्लगची दुरुस्ती दिवाळीपासून प्रलंबित आहे. तोवर चटणी कोठे वाटावी, त्याचा लेखी खुलासा व्हावा.'

खुलाशाचा कच्चा मसुदा तयार आहे. सध्या तो भाच्याकडे अभिप्रायार्थ पाठविला असून, चटणी तूर्त शेजारून येते.